एम.ए. इंग्रजीच्या मुलांचं व्याकरण आणि शब्दज्ञान तपासायचं तरी कसं?

खडूची_भुकटी

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॉलेजात इंग्रजी शिकवते, पदव्युत्तर वर्गांना. यंदा विभागात ठरलं की एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांची सुरुवातीलाच एक चाचणी घ्यायची. मार्क कुठेही धरायचे नाहीत, फक्त कुणाला कुठून शिकवायला लागणार ते कळावं म्हणून. पेपर काढायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात, कारण विभागात सगळ्यात ज्युनियर मी.

काढला. पन्नास बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. सोपं काही ठेवलं नव्हतं. ‘हार्डली’ने सुरू होणारी उलट्या रचनेची वाक्यं, ‘डिमांड दॅट ही रिझाइन’सारखे क्रियापदाचे हट्टी प्रकार, ‘रिग्रेट टू’ की ‘रिग्रेट’नंतर ‘इंग’, वगैरे. ३१ मुलं बसली. एका मुलाला पन्नासपैकी शेहेचाळीस. त्याला इथे ‘सतरा नंबर’ म्हणते, बाकावरचा नंबर तोच होता. त्या पेपरात एक प्रश्न असा: ‘आय लुक फॉरवर्ड टू... यू’. पर्याय मीट, मीटिंग, मेट, हॅव मेट. सतरा नंबरने ‘मीटिंग’वर गोल केला होता. छान ठळक गोल.

दुसऱ्या दिवशी त्याचा रजेचा अर्ज टेबलावर आला. बहिणीचं लग्न. शेवटची ओळ: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू गेट युवर परमिशन.’ ‘गेटिंग’ हवं तिथे ‘गेट’.

त्याला बोलावलं, म्हटलं, अरे काल तर बरोबर केलंस! तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅम, काल तो प्रश्न होता. हा अर्ज आहे.”

आठवडा झाला, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझ्या पेपराने नक्की काय मोजलं? आणि जे मोजायचं होतं ते मोजायला कसला पेपर काढावा? अनुभवी लोकांनी सांगा. ‘वाचन वाढवा’ हा सल्ला कृपया नको, तो मुलांसाठी ठीक आहे, पेपर काढायला उपयोगी नाही.

व्याकरणवेल्हाळ

ताई, पहिली चूक बहुपर्यायी. गोल करायला अक्कल लागत नाही, पेन लागतं. आमच्या वेळी वाक्य फिरवून लिहायला द्यायचे. ‘टू काढा’, ‘नो सूनर दॅन वापरा’, ‘ॲज सून ॲज वापरा’. हातानं अख्खं वाक्य लिहावं लागे. तेच आणा परत.

खडूची_भुकटी

काका, ते कुठे गेलंय? ‘डू ॲज डायरेक्टेड’ म्हणून बारावीपर्यंत सगळे तेच करत येतात. ‘नो सूनर’ दिलं की मुलं ‘हॅड’ पुढे ओढतात, मध्ये ‘दॅन’ टाकतात, झालं. वाक्याचा अर्थ काय हे न वाचताही जमतं. मी एकदा मुद्दाम निरर्थक शब्द घालून वाक्य दिलं होतं, तेही त्यांनी बिनचूक फिरवलं. निबंधात मात्र ‘नो सूनर’ कुणी वापरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

राइनकाठ

मी जर्मनीत असते, एका विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात परदेशी विद्यार्थ्यांच्या स्तरचाचण्यांचं काम बघते. तुमचा सतरा नंबर आमच्याकडेही दर सत्रात भेटतो, फक्त नाव वेगळं असतं.

आधी थोडं मागे जाते. तुम्ही घेतला तसा एक प्रश्न-एक नियम या धर्तीचा पेपर म्हणजे रॉबर्ट लॅडो यांच्या काळातली पद्धत, १९६१च्या आसपासची. भाषेचे सुटे भाग करायचे, एकेक भाग तपासायचा. घड्याळ खोलून प्रत्येक चाक पुसून बघितल्यासारखं. चाकं सगळी शाबूत, पण घड्याळ चालतं का ते कळत नाही.

त्याला पर्याय म्हणून गाळलेल्या जागांचा उतारा आला. विल्सन टेलर यांनी १९५३ साली तो वेगळ्याच कामासाठी काढला होता, मजकूर वाचायला किती सोपा-अवघड आहे हे मोजायला. सलग उतारा घ्यायचा आणि दर पाचवा किंवा सातवा शब्द डोळे झाकून काढून टाकायचा. भाषाशिक्षकांच्या लक्षात आलं की यानं वाचणाराही मोजला जातो. पण एक अडचण उरली. काही जागा अशा येतात की इंग्रजी मातृभाषेच्या माणसालाही भरता येत नाहीत.

म्हणून १९८१मध्ये ड्यूसबुर्ग विद्यापीठात क्रिस्टीन क्लाइन-ब्राली आणि उलरिश राट्झ यांनी सी-टेस्ट काढली. पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं. दुसऱ्या वाक्यापासून दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध उडवायचा. एका मोठ्या उताऱ्याऐवजी चार-पाच छोटे, वेगवेगळ्या विषयांचे. जर्मनीत ऑनसेट नावाची परीक्षा याच पद्धतीची आहे, आठ उतारे, प्रत्येकात वीस जागा, प्रत्येकाला पाच मिनिटं.

वर्णन करून समजणार नाही. मराठीत एक करून देते, सोडवून बघा:

*एसटी सुटायला अजून अर्धा तास होता. स्टँडवरच्या कँटी… वड्यांचा ता… घाणा नि… होता. कंड… तिकिटाचं म… काखोटीला मा… चहा पी… उभा हो…. एवढ्यात पाव… सर आ… आणि फला… माणसं पिश… डोक्यावर ध… आडोशाला पळ….*

(मराठीत काना-मात्रा कुठे तोडायच्या हा घोळ आहेच. शुद्धलेखनवाल्यांनी हलकं घ्यावं.)

अर्धाकप

सोप्पं आहे. कँटीनमध्ये, ताजा, निघाला, कंडक्टर, मशिन, मारून, पीत, होता, पावसाची, आली, फलाटावरील, पिशव्या, धरून, पळाली. द्या चौदापैकी चौदा.

व्याकरणवेल्हाळ

‘निघत होता’ असणार. ‘फलाटावरची’ असणार. बारा.

राइनकाठ

अर्धाकप, चौदा. ‘निघाला होता’ म्हणजे घाणा निघून झालाय, ‘निघत होता’ म्हणजे अजून तळणं चालू आहे. अर्थ बदलतो, पण दोन्ही मराठीच. ‘फलाटावरील’ जरा वर्तमानपत्री वाटतं, पण चूक नाही. माझ्या उताऱ्यातलाच शब्द हवा असा हट्ट धरायचा की चालेल तो शब्द स्वीकारायचा, हे पेपर काढणाऱ्याने आधी ठरवायला हवं, तेही लेखी. ‘फलाटावरचे माणसं’ कुणी लिहिलं असतं तर मार्क गेला असता. आणि गंमत बघा, तो मार्क लिंग-वचनाचा नियम विचारून गेला नसता. नियमाचं नावही न काढता नियम तपासला.

अर्धाकप

आता खरं सांगतो. हाच उतारा लेकीला दिला. ती अमेरिकेत वाढलीय, घरी मराठी चांगली बोलते. तेरा बरोबर. अडली कुठे तर ‘काखोटीला मा…’. मी म्हटलं ‘मारून’. तर म्हणे, “बाबा, तो मशिनला का मारतोय?”

राइनकाठ

हे उदाहरण मी उद्या कामावर सांगणार! तिला काखोटी माहीत, मारणं माहीत, दोघांची सोयरीक माहीत नाही. वरच्या पातळीचं शब्दज्ञान म्हणजे निम्म्याहून जास्त हेच. आपण गप्पा मारतो, पैज मारतो, सायकल मारतो, दांडी मारतो. मार मात्र खातो, आणि भावही खातो. परकीयाने प्रत्येक क्रियापदाचा शब्दकोशातला अर्थ पाठ केला तरी तो ‘गप्पा करतो’ असंच म्हणणार. इंग्रजीत आपली मुलं ‘मेक रिसर्च’ करतात आणि ‘स्ट्राँग रेन’ पडतो तो याच कारणानं. आणि ‘अमुक शब्दाचा समानार्थी शब्द निवडा’ या प्रश्नात हे कधीही दिसत नाही.

खडूची_भुकटी

समानार्थी शब्दांचे दहा प्रश्न होते माझ्या पेपरात. मान खाली.

आकडेमोड

मी भाषेतला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. मॅडम, पन्नास प्रश्नांचा पेपर फेकून देऊ नका, आधी त्याचं पोस्टमॉर्टेम करा. वही-पेन पुरे.

उत्तरपत्रिका एकूण मार्कांनुसार लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के बाजूला काढा. ३१ मुलांत साधारण आठ-आठ. आता प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, वरच्या आठांपैकी किती बरोबर, खालच्या आठांपैकी किती. वर सात, खाली दोन, म्हणजे प्रश्न कामाचा. वर आठ, खाली आठ, म्हणजे प्रश्न फुकटचा, तो काढलात काय नि ठेवलात काय. आणि वरचे कमी, खालचे जास्त असं निघालं तर प्रश्नातच खोट आहे किंवा तुमची आन्सर की चुकलीय.

दुसरं. चार पर्यायांत डोळे मिटून गोल केले तरी पन्नासपैकी बारा-तेरा येतात. म्हणजे तुमची पट्टी शून्यापासून सुरू होत नाही, बारापासून होते. पंधरा मिळवलेल्या मुलाला ‘तीस टक्के येतं’ म्हणू नका. तिसरं, चौथा पर्याय बहुतेक वेळा ओढूनताणून घातलेला असतो, त्याकडे कुणी बघतही नाही. तीन पर्याय चांगले जमले तर तीनच ठेवा.

खडूची_भुकटी

रविवारी दुपार घालवून केलं. हादरले. पन्नासपैकी एकोणीस प्रश्न फुकटचे निघाले, ‘लुक फॉरवर्ड टू’ त्यात पहिला. सगळ्यांना येतो, कारण स्पर्धापरीक्षेच्या प्रत्येक गाइडात असतो.

आणि एक प्रश्न उलटा पडला. ‘हू’ की ‘हूम’ असा. वरच्या आठांत तीन बरोबर, खालच्या आठांत सहा. विचार केल्यावर कारण कळलं. हुशार मुलांनी वाचून-ऐकून ‘हू’ निवडलं, जे आजचे सुशिक्षित इंग्रज बोलताना सर्रास म्हणतात. कच्च्या मुलांनी गाइडातला नियम लावला. म्हणजे या प्रश्नात मी इंग्रजी येण्याची शिक्षा देत होते!

व्याकरणवेल्हाळ

नियम तो नियम. उद्या ‘डिस्कस अबाउट’ पण बरोबर म्हणाल.

अर्धाकप

काका, ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलाय. तुम्ही अजून दारात काठी घेऊन उभे.

राइनकाठ

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. ‘प्रीपोन’ हा भारतीय इंग्रजीचा शब्द आहे, त्यात लाज नाही. ‘डिस्कस अबाउट’ बोलण्यात खूप ऐकू येतं, पण शोधनिबंधात संपादक कापतो. म्हणून मी साधा नियम पाळते. जिथे जाणकारांमध्येच दोन पक्ष आहेत तो मुद्दा पेपरात घ्यायचाच नाही. ‘हू-हूम’, तुटलेलं ‘टू’ (म्हणजे ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये दुसरा शब्द घुसवणं), ‘नन इज’ की ‘नन आर’, सगळं बाहेर. तपासण्यासारखं बिनवादाचं एवढं पडलंय की यांच्यावाचून अडत नाही.

मराठी_मीडियम

मी एम.ए.ला आहे (मॅडमच्या कॉलेजात नाही, शोधू नका). विद्यार्थ्यांची बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून लिहिते.

बी.ए.च्या तीन वर्षांत मी शोकांतिका, प्रबोधनकाळ, रोमँटिक कवी, वसाहतोत्तर कादंबरी सगळं लिहिलं. पेपर तपासून आले तेव्हा प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ आणि मार्क. माझं एकही वाक्य कुणी दुरुस्त करून दिलं नाही. ‘इन द सोसायटी’ हे ‘इन सोसायटी’ असायला हवं, हे मला एम.ए.च्या पहिल्या सत्रात एका ऑनलाइन व्याख्यानात कळलं. तोवर मी ते निदान शंभरदा लिहिलं असेल. आमचे काही प्राध्यापकही तेच लिहितात.

आणि गोल करायची सवय आम्हाला हौस म्हणून लागलेली नाही. पुढे नोकरीसाठी नेट-सेट. नेटमध्ये पहिला पेपर ५० प्रश्न, दुसरा १००, सगळे बहुपर्यायी, निगेटिव्ह मार्किंग नाही. तीन तासांत एक वाक्य लिहावं लागत नाही. इंग्रजीचा प्राध्यापक व्हायला इंग्रजीत एक वाक्य लिहून दाखवावं लागत नसेल, तर सतरा नंबरला दोष का? त्याने हिशोब बरोबर केलाय.

खडूची_भुकटी

यावर काय बोलू. मीही त्याच दारातून आलेय. फक्त माझ्या वेळी नेटचा एक पेपर लिहायचा असायचा.

तिरक्या रेघेबद्दल मात्र माफी. मीही मारते. गठ्ठा ऐंशीचा असतो तेव्हा.

व्याकरणवेल्हाळ

पोरी, हे तू बरोबर बोललीस. मागे घेतो थोडं.

पण मग एक सुचवतो, हसू नका. भाषांतर. केंब्रिजची प्रोफिशियन्सी परीक्षा १९१३ साली पहिल्यांदा झाली. बारा तासांची. त्यात इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मनमध्ये आणि तिकडून इंग्रजीत भाषांतर होतं, निबंध होता, साहित्य होतं, उच्चारशास्त्राचा वेगळा पेपर होता, वर तोंडी. तीन जण बसले आणि तिघंही नापास झाले. मला ही परीक्षा फार आवडते.

मराठी वाक्य द्या: ‘पाऊस वेळेवर पडला असता तर पीक हाती लागलं असतं.’ बघा किती जण ‘इफ द रेन वुड हॅव’ लिहितात. इथे गोल करायला पर्याय नाही, आणि फिरवायला इंग्रजी वाक्यही नाही.

खडूची_भुकटी

काका, दंडवत. हे पेपरात घेतेय. ‘हाती लागणं’ याचं ते काय करतात तेही बघायचंय.

राइनकाठ

भाषांतराला माझाही पाठिंबा आहे, तुमच्या वर्गात सगळ्यांची घरची भाषा मराठी असेल तर. माझ्या वर्गात बारा देशांची मुलं असतात, मला ते जमत नाही.

तीच केंब्रिजची परीक्षा आता दीड तासात वाचन आणि भाषावापर एकत्र तपासते. त्यातला एक प्रकार उचलण्यासारखा आहे. एक वाक्य देतात, एक शब्द देतात, तो शब्द न बदलता तीन ते आठ शब्दांत दुसरं वाक्य पुरं करायचं, अर्थ तोच राहिला पाहिजे. उदाहरणार्थ, ‘घरी पोचल्यावरच मला किल्ल्या हरवल्याचं कळलं’ या अर्थाचं साधं इंग्रजी वाक्य द्यायचं, शब्द द्यायचा ‘अंटिल’, आणि सुरुवात करून द्यायची ‘नॉट’. मुलाला ‘नॉट अंटिल आय गॉट होम डिड आय रिअलाइझ’पर्यंत स्वतः यावं लागतं. तुमच्या ‘डू ॲज डायरेक्टेड’चाच हा चुलतभाऊ, पण इथे अर्थ न वाचता पुढे जाता येत नाही, कारण कुठला नियम लावायचा ते सांगितलेलंच नसतं.

शब्दांसाठी आणखी एक सोपा प्रकार. शब्दांची नुसती यादी द्यायची, ‘माहीत आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच खूण. यादीत काही शब्द बनावट घालायचे, इंग्रजीसारखे दिसणारे पण नसलेले. पॉल मेअरा यांनी १९८०च्या दशकात हे रुळवलं. बनावट शब्द ‘माहीत आहे’ म्हणणाऱ्याचे मार्क त्या प्रमाणात उतरवतात. मराठी नमुना: बुजगावणं, मोरचूद, भिसूल, वेसण, निरवंड, अडसर.

गावाकडचा

भिसूल माहीत आहे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना जो रंगीत गोंडा बांधतात त्याला आमच्याकडे भिसूल म्हणतात. आजी म्हणायची.

राइनकाठ

भिसूल मी काल रात्री भांडी घासताना बनवला.

अर्धाकप

😂😂😂 आजीलाही गोवलं!

गावाकडचा

मान्य. पण शब्द चांगला आहे. यंदाच्या पोळ्यापासून सुरू करतो.

आकडेमोड

बघा, हाच माणूस बहुपर्यायी पेपरात सुटला असता.

बाय द वे मॅडम, किती शब्द यायला हवेत याचा काही अंदाज असतो का? मला मोजमाप दिसलं की बरं वाटतं.

राइनकाठ

असतो. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ साली मांडलेल्या हिशोबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र शब्दकोशाविना वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. कुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पोरंबाळं, ‘डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह’ हे एकच धरायचं. त्यांची १४० प्रश्नांची चाचणी आहे, बरोबर उत्तरांना शंभराने गुणलं की अंदाजे आकडा मिळतो. दुसरीकडे ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासग्रंथांतल्या ५७० शब्दकुटुंबांची यादी केली, ती कोणत्याही विषयाच्या अभ्यासग्रंथात साधारण दहा टक्के मजकूर व्यापते. एम.ए.च्या मुलांना ही ५७० नुसती ओळखता नाही, लिहिता यायला हवीत. माझ्या मते तुमचा शब्दांचा भाग इथूनच घ्या. मासिकातले ‘अवघड शब्द’ शोधत बसू नका. ज्याला ‘सेस्क्विपेडेलियन’सारखा भारदस्त शब्द येतो पण ‘देअरबाय’ वापरता येत नाही असा विद्यार्थी मला चालत नाही.

खडूची_भुकटी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलेय. नवा पेपर घेतला. बहुपर्यायी शून्य.

चार सी-टेस्ट, वीस-वीस जागांच्या, म्हणजे ऐंशी. एक उतारा पावसाच्या पाण्याच्या साठवणीवर, एक बुद्धिबळावर, एक छापखान्याच्या इतिहासावर, एक घरमालक-भाडेकरूच्या पत्रव्यवहाराचा. दहा वाक्यं दिलेला शब्द वापरून पुन्हा लिहायची. पाच मराठी वाक्यांचं भाषांतर. आणि एक माझं स्वतःचं: दोनशे शब्दांचा सलग निबंध, मी जुन्या उत्तरपत्रिकांतल्या खऱ्या चुका पेरून तयार केलेला. कुठे किती चुका आहेत ते सांगितलं नाही. काही ओळी पूर्ण बरोबर ठेवल्या.

सी-टेस्टमध्ये सतरा नंबरला ऐंशीपैकी एक्केचाळीस. मोठे शब्द त्याने सगळे भरले, छापखान्याच्या उताऱ्यात तर एकही नाम चुकलं नाही. मार खाल्ला तो किरकोळ शब्दांत. ‘ऑफ’मधला नुसता ‘ओ’ ठेवला होता, तिथे त्याने ‘ऑन’ भरलं. तेही सलग तीनदा. आर्टिकल तर जवळजवळ सगळी गेली. आपल्या भाषेत ती नाहीतच, त्यामुळे कानाला खटकत नाहीत हे ठाऊक होतं, पण इतकं लख्ख कागदावर आधी दिसलं नव्हतं.

जी मुलगी पहिल्या पेपरात एकोणिसावी होती ती इथे दुसरी आली. विचारलं तर लाजत म्हणाली, रात्री फोनवर इंग्रजीत फुटबॉलच्या बातम्या वाचते. व्याकरणाचं एकही नाव तिला सांगता येत नाही. ‘जेरंड’ (क्रियापदाला ‘इंग’ लावून होणारं नाम) म्हटलं तर तिला वाटलं मी कुठल्या खेळाडूबद्दल बोलतेय.

चुका पेरलेल्या निबंधात वेगळंच घडलं. ‘डिस्पाइट ऑफ’, ‘कम्प्रायझेस ऑफ’, ‘वन ऑफ द रीझन’ निम्म्याहून जास्त मुलांनी पकडल्या. ‘इन द सोसायटी’ फक्त चौघांनी. आणि निम्म्या मुलांनी बरोबर ओळीही ‘दुरुस्त’ केल्या. माझ्या निबंधात एक सरळ कर्मणी वाक्य होतं, ते अकरा जणांनी कर्तरी करून दिलं. पेन हातात आहे म्हटल्यावर काहीतरी करायलाच हवं असा त्यांचा समज असावा.

काका, भाषांतरात पावसाच्या वाक्याला एकवीस जणांनी ‘इफ द रेन वुड हॅव’च लिहिलं. आणि ‘पीक हाती लागलं असतं’ याचं एकाने ‘क्रॉप वुड हॅव टच्ड द हँड’ केलंय.

व्याकरणवेल्हाळ

तो एक मला भेटायला पाठव. चहा पाजतो.

मराठी_मीडियम

मॅडम, पेपर मुलांना परत दिलात का? चुका दाखवून? की पुन्हा तिरकी रेघ?

खडूची_भुकटी

दिले. यावेळी रेघ नाही, प्रत्येक चुकीखाली पेन्सिलने खूण. दोन रात्री गेल्या. दर सत्रात जमेल असं वचन देत नाही.

आणि देताच फजिती झाली. दिलेला शब्द होता ‘डिमांडेड’, पुरं करायचं वाक्य मंत्र्याच्या राजीनाम्याचं. माझ्या कीमध्ये ‘दॅट ही रिझाइन’. एका मुलीने ‘दॅट ही शुड रिझाइन’ लिहिलं होतं, मी सवयीने चूक दिली. ती शब्दकोश घेऊन स्टाफरूममध्ये आली, पानात बोट घालून. ब्रिटिश वापरात ‘शुड’ सरळ चालतं. मला माहीत होतं, तपासताना सुचलं नाही. राइनकाठ यांनी सांगितलेलं ‘चालेल ते लेखी ठरवा’ हे मी दहापैकी आठच वाक्यांसाठी केलं होतं.

तिचे दोन मार्क वाढवले. सही करून गेली. आता बाकीच्या तिसांत असंच कुणी लिहिलं होतं का ते बघायला वर्गातून पेपर परत गोळा केलेत, गठ्ठा पुन्हा टेबलावर आहे.